दुसऱ्या घराची राखण

सुट्टीत स्वतः राहावे आणि उरलेल्या दिवसांत पर्यटकांना भाड्याने द्यावे, अशा दुहेरी हेतूने समुद्रकिनारी घेतलेल्या घराला मुंबईच्या बोलीत ‘सेकंड होम’ म्हणतात. दादर, परळ आणि लालबाग यांना जोडणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरच्या हिंदमाता परिसरात बँक, महापालिका, बेस्ट किंवा पोस्टखात्यातून निवृत्त झालेली, मुले आपापल्या मार्गाला लागलेली अनेक दांपत्ये राहतात आणि अलिबागजवळचे वरसोली-नागाव, दापोलीजवळचे कर्दे किंवा रत्नागिरीजवळचे गणपतीपुळे यांपैकी कोठेतरी एक लहान सदनिका असावी, ही इच्छा त्यांच्या बोलण्यात वारंवार येते. या इच्छेत फिरण्याची हौस असते, थोड्या उत्पन्नाची आशा असते आणि पूर्वजांच्या कोकणाकडे परतण्याची ओढही असते. मात्र ते घर वर्षभर राखणार कोण आणि कसे, हा प्रश्न बहुधा किल्ली हातात पडल्यानंतरच समोर येतो. हा प्रश्न आधी मांडला जावा, यासाठी हे विवेचन आहे.

या परिसराला दोन घरांचा संसार नवा नाही. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेव येथे मुंबईतील पहिली कापडगिरणी स्थापली, त्यानंतरच्या काही दशकांत परळ, लालबाग, काळाचौकी, नायगाव हा पट्टा गिरणगाव म्हणून वाढला आणि तेथील मनुष्यबळाचा फार मोठा हिस्सा त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे १ मे १९८१ रोजी वेगळा झालेला सिंधुदुर्ग ज्यात होता त्या जिल्ह्यातून, आला. चाकरमानी मुंबईत गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत किंवा नायगावच्या बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या घरात राहात असला, तरी ‘घर’ हा शब्द तो गावच्या घरासाठीच राखून ठेवी. गणपती आणि शिमगा हे त्याच्या वर्षातील दोन ठरलेले प्रवास होते. त्याच्या अनुपस्थितीत आईवडील किंवा पत्नी ते घर चालवीत आणि पुढे कुटुंब मुंबईला आल्यावर किल्ली भावकीतल्या कोणाकडे तरी राही. मृगापूर्वी घर शाकारले जाई, म्हणजे छपरावरची कौले उतरवून, फुटकी बदलून पुन्हा बसवली जात. पावसाचा मारा ज्या बाजूने येतो त्या भिंतीला माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधले जात. दक्षिण कोकणात घराभोवतीच्या जागेचे रक्षण करणाऱ्या देवतेला ‘राखणदार’ म्हणतात आणि तिला वर्षातून एकदा जो मान दिला जातो त्यालाही ‘राखण’ असेच नाव आहे. घर राखावे लागते, ते आपोआप राहात नाही, हे ज्ञान त्या एका शब्दात साठवलेले आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर या परिसराची रचना बदलली. गिरण्यांच्या जागी मनोरे आले, पागडीच्या काही चाळींचा पुनर्विकास झाला, नोकरीत असलेल्या पुढच्या पिढीच्या हाती निवृत्तीचा पैसा आला आणि गावच्या वाटण्यांत अडकलेल्या वडिलोपार्जित घराऐवजी किनाऱ्यावरची विकत घेतलेली सदनिका अनेकांना सोयीची वाटू लागली. त्याला कायद्याचेही एक कारण आहे. महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन विकत घेता येत नाही. त्यामुळे ज्यांच्या नावे सातबारा नाही, त्यांना बिगरशेती भूखंडावरील बंगला किंवा इमारतीतील सदनिका हाच सरळ मार्ग उरतो.

येथे एक संज्ञा समजून घेणे आवश्यक आहे. परदेशी चित्रपटांतून आणि जाहिरातींतून ओळखीचा झालेला ‘काँडो’ हा शब्द ‘काँडोमिनियम’चे लघुरूप असून तो इमारतीचा प्रकार नसून मालकीचा प्रकार आहे. मुंबईकरांना सवयीची असलेली सहकारी गृहनिर्माण संस्था, म्हणजे सोसायटी, १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली चालते. तिच्यात अभिहस्तांतरणानंतर जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे होते आणि सभासदाकडे भागपत्र व सदनिकेच्या वापराचा हक्क राहतो. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालील काँडोमिनियममध्ये मात्र प्रत्येक खरेदीदार आपल्या सदनिकेचा थेट मालक असतो आणि जिना, गच्ची, जमीन, विहीर यांत त्याचा ठरावीक टक्क्यांचा अविभाज्य हिस्सा असतो. किनाऱ्यावरच्या संकुलांत दोन्ही प्रकार आढळतात. खरेदीदाराने हा फरक विचारून घ्यावा, कारण पर्यटकांना सदनिका देण्यास मनाई आहे की मुभा, आणि गच्ची गळू लागल्यास खर्च कोणत्या प्रमाणात वाटला जाईल, हे एका ठिकाणी संस्थेच्या उपविधींवर तर दुसऱ्या ठिकाणी नोंदणीकृत घोषणापत्रावर अवलंबून असते.

प्रवासाची साधने गेल्या काही वर्षांत पुष्कळ सुधारली आहेत. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि दादरहून मध्यरात्रीच्या सुमारास सुटणारी तुतारी एक्सप्रेस सकाळी रत्नागिरीला पोहोचवते. केशवसुतांच्या कवितेवरून नाव मिळालेल्या या गाडीने गणपतीपुळ्याकडे निघालेल्यांना त्या कवीचे जन्मगाव मालगुंड तेथून अगदी जवळ आहे, हे ठाऊक असलेले बरे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत मोटारीसह नेणारी रो-रो सेवा २०२० मध्ये सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू तर शिवडीहूनच निघतो, म्हणजे हिंदमात्यापासून हाकेच्या अंतरावर. मुंबई–गोवा महामार्गाचे चौपदरीकरण दशकाहून अधिक काळ रेंगाळले, हे या सुधारणांच्या जोडीला सांगावेच लागते. तरीही शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परतण्याइतके अलिबाग आज जवळ आले आहे, आणि दुसऱ्या घराचा मोह वाढण्याचे हे एक ठळक कारण आहे.

मात्र घराची खरी परीक्षा प्रवासी घेत नाहीत, समुद्र घेतो. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांतून उडालेले सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर आत येतात, त्यांतील पाणी उडून जाते आणि मीठ भिंतींवर, खिडक्यांवर, यंत्रांवर बसते. काँक्रीट स्वभावतः अल्कधर्मी असल्यामुळे त्यातील लोखंडी सळीभोवती ऑक्साइडचा अत्यंत पातळ संरक्षक थर तयार होतो. मिठातील क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत झिरपून हा थर भेदते आणि सळी गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्याने आतून दाब वाढतो, प्रथम सळीच्या रेषेत बारीक तडा दिसतो, नंतर पोपडे सुटतात आणि शेवटी सज्ज्याची किंवा छज्ज्याची खालची बाजू निखळून पडते. याच कारणासाठी आय. एस. ४५६ या भारतीय मानकाने किनारी वातावरण ‘तीव्र’ वर्गात धरले आहे आणि तेथे किमान एम-३० प्रतीचे काँक्रीट व सळीवर ४५ मिलिमीटरचे आवरण सांगितले आहे. सौम्य वातावरणात हेच आवरण २० मिलिमीटर चालते. सदनिकेतून समुद्र किती दिसतो हे विचारणारे खरेदीदार पुष्कळ असतात, सळीवर काँक्रीट किती आहे हे विचारणारे विरळा. वास्तविक पहिल्यापेक्षा दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर त्या घराचे आयुष्य ठरते.

घराच्या आतली झीज अधिक शांतपणे चालते. दारांच्या बिजागऱ्या, कड्या, कुलुपे, पंख्याच्या पात्यांचे स्क्रू, गॅसच्या शेगडीचा सांगाडा यांच्यावर एका हंगामात तांबूस डाग येतात. स्टेनलेस स्टील म्हणजे न गंजणारे पोलाद, अशी समजूत असली तरी स्वयंपाकघरात सर्वत्र वापरले जाणारे ३०४ प्रतीचे पोलाद खाऱ्या हवेत डागाळते, तर मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेले ३१६ प्रतीचे पोलाद बरेच अधिक टिकते. म्हणून कठडे आणि बाहेरचे नळ निवडताना हा आकडा पाहावा. वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या पेटीतील ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या मिठाने खाल्ल्या जातात आणि त्या पेटीला ठरावीक काळाने गोड्या पाण्याने धुणे, एवढा साधा उपायही कोणी तेथे असेल तरच होतो. ज्या कोकणात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो, तेथे बंद सदनिकेत गाद्यांना बुरशी धरते, कपाटाच्या पाठी वाळवी लागते, न्हाणीघराच्या जाळीखालच्या वाकड्या नळीतील पाणी आटून गटाराचा वास आणि झुरळे घरभर होतात. गाद्या भिंतीला टेकवून उभ्या ठेवणे, फ्रीज रिकामा करून त्याचे दार किंचित उघडे ठेवणे, कपाटांची दारे उघडी सोडणे, मेन स्विच बंद करणे, जाळ्यांत पाणी ओतून त्यावर झाकण ठेवणे ही कामे मे महिन्याअखेरीस करून घर ‘पावसाळी’ करावे लागते. आजीच्या पिढीने शाकारणी म्हणून जे केले, त्याचेच हे आजचे रूप आहे.

भाड्याचा प्रश्न या पार्श्वभूमीवर तपासावा लागतो. कोकणात पर्यटकांना घरात ठेवण्याची पद्धत सदनिकांच्या आधीपासूनची आहे. रायगड जिल्ह्यातील दिवेआगरला १९९७ मध्ये सुवर्णगणेशाचा मुखवटा सापडल्यानंतर भाविकांची रीघ लागली आणि तेथील नारळ-सुपारीच्या वाड्यांतून ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशा पाट्या उभ्या राहिल्या. २०१२ मध्ये दरोड्यात तो मुखवटा गेला, तेव्हा गावाच्या अर्थव्यवस्थेलाच फटका बसला आणि २०२१ मध्ये पुन्हा प्रतिष्ठापना होईपर्यंत ती उणीव जाणवत राहिली. त्या पाट्यांमागची व्यवस्था मात्र ध्यानात घेण्यासारखी आहे, कारण तेथे मालक त्याच वाडीत राहतो, मोदक घरातल्या बाईच्या हातचे असतात आणि रात्री पाण्याचा पंप बिघडला तर हाकेवर माणूस असतो. केंद्र सरकारच्या ‘इन्क्रेडिबल इंडिया’ न्याहारी-निवास योजनेतही मालकाचे कुटुंब त्याच घरात राहात असणे ही मूळ अट आहे. हिंदमात्याला राहून कर्द्याची सदनिका भाड्याने देणारे दांपत्य या व्याख्येत बसत नाही. त्याला आदरातिथ्यही दुसऱ्याच्या हातून करून घ्यावे लागते आणि तेथूनच खर्चाला सुरुवात होते.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहता येईल. समजा, सदनिकेची किंमत ४० लाख रुपये आहे, एका रात्रीचे भाडे ३,००० रुपये आहे आणि वर्षात ८० रात्री ती भरते. हंगाम मुख्यतः दिवाळीपासून मेच्या मध्यापर्यंतचा आणि त्यातही शनिवार-रविवारचा असल्यामुळे याहून मोठा आकडा सहजासहजी धरू नये. वर्षाचे उत्पन्न २ लाख ४० हजार होते. त्यातून राखणदाराचे महिना ५,००० प्रमाणे ६० हजार, प्रत्येक रात्रीमागे सफाई व चादरींच्या धुलाईचे ५०० प्रमाणे ४० हजार, देखभाल शुल्काचे महिना २,००० प्रमाणे २४ हजार, आरक्षण मिळवून देणाऱ्याचे १५ टक्के म्हणजे ३६ हजार आणि रंग, गळती, गंज यांच्या दुरुस्तीचे सरासरी ४० हजार वजा केले, तर हाती ४० हजार उरतात. वीजबिल आणि कर अजून मोजलेलेच नाहीत. गुंतवणुकीवर हा परतावा एक टक्का आहे. जागेची किंमत वाढेल ही अपेक्षा वेगळी. परंतु भाड्यावर घर स्वतःचा खर्च भागवील आणि वर निवृत्तिवेतनाला हातभार लावील, ही समजूत साध्या बेरीज-वजाबाकीसमोर टिकत नाही.

कराची बाजू थोडक्यात अशी आहे. घरभाडे म्हणून मोजलेल्या उत्पन्नातून आयकर कायदा दुरुस्ती-देखभालीपोटी सरसकट ३० टक्के वजावट देतो, प्रत्यक्ष खर्च कितीही होवो. मात्र न्याहारी, सफाई अशा सेवांसह खोली दिली जात असेल तर ते व्यवसायाचे उत्पन्न ठरू शकते आणि मग गणित बदलते, म्हणून करसल्लागाराला आधी विचारावे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपेक्षा कमी असलेल्या मालकाला वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः लागत नाही, परंतु ऑनलाइन आरक्षण कंपनीमार्फत दिलेल्या मुक्कामावरचा कर त्या कंपनीने भरायचा असतो. प्रत्येक पाहुण्याचे ओळखपत्र आणि नोंदवही ठेवावी; पाहुणा परदेशी नागरिक असेल तर त्याच्या आगमनाची माहिती २४ तासांत विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवणे बंधनकारक आहे आणि हा नियम नातेवाईकांच्या परदेशी मित्रांनाही लागू पडतो, हे फार थोड्यांना माहीत असते.

या सर्व व्यवस्थेत सर्वांत महत्त्वाचा माणूस कराराच्या कोणत्याही कागदावर नसतो. किल्ली सांभाळणारा, पाहुणा रात्री अकराला पोहोचला तरी दार उघडणारा, टाकीत पाणी आहे का ते पाहणारा, वादळानंतर छपरावर चढणारा गावातला माणूस किंवा गावातली बाई, यांच्यावर हा डोलारा उभा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, श्रीवर्धन, मुरूड आणि दापोली भागांत छपरे उडाली, माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, वीज आणि फोन कित्येक दिवस बंद राहिले. त्यात टाळेबंदी असल्यामुळे मुंबईतील मालकांना तेथे पोहोचणेही सोपे नव्हते. अशा वेळी घर वाचते ते शेजाऱ्यामुळे, आणि तोही स्वतःचे छप्पर सावरत असताना. या कामाला सणासुदीची बक्षिशी पुरेशी मानण्याची जी पद्धत पडली आहे, ती अन्यायाची आहे. ठरलेला मासिक मोबदला, अडीअडचणीचा वेगळा खर्च आणि किरकोळ दुरुस्तीचा निर्णय स्वतः घेण्याची मुभा राखणदाराला दिलीच पाहिजे. पूर्वी भावकी हे काम नात्यापोटी करी, आज नाते नाही तेव्हा मोल तरी पुरते असावे.

गावावर पडणारा भारही याच न्यायाने पाहायला हवा. स्पेनमधील बार्सिलोना शहराने पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या सदनिकांचे परवाने २०२८ पर्यंत संपुष्टात आणण्याचा निर्णय जाहीर केला आहे, कारण तेथे स्थानिकांनाच घरे परवडेनाशी झाली. कोकणातील अनेक गावांत चित्र उलटे आहे. तेथे कुलूपबंद घरे वाढत आहेत आणि तरुण मुंबई-पुण्याकडे जात आहेत, म्हणून पाहुण्यांच्या येण्याने गावात चार रोजगार टिकत असतील तर ते स्वागतार्ह आहे. परंतु मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी मचूळ होऊ लागते, त्याच काळात पाहुण्यांची गर्दी शिगेला पोहोचते, आणि कचऱ्याच्या पिशव्या नेण्याची व्यवस्था ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेर जाते. ज्या गावाचे पाणी वापरले जाते, त्या गावाच्या ग्रामसभेत काय ठरते, याची माहिती ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

दांपत्याच्या स्वतःच्या प्रवासाचे काय होते, ही या विषयातील कदाचित सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. फिरण्यासाठी घेतलेले घर बहुधा फिरणेच खाऊन टाकते. सुट्टीचा पहिला दिवस झाडण्या-पुसण्यात जातो, दुसरा प्लंबरची वाट पाहण्यात, आणि हंगामातले उत्तम दिवस पाहुण्यांना दिलेले असल्यामुळे मालकाच्या वाट्याला जे दिवस उरतात, त्यांत घराची कामे असतात. राजस्थान, केरळ किंवा नर्मदा परिक्रमा यांचे बेत वर्षानुवर्षे पुढे ढकलले जातात, कारण पैसा आणि वेळ दोन्ही त्या एकाच गावात संपतात. ज्या दांपत्यांना एकाच किनाऱ्याशी, तेथल्या माणसांशी, तेथल्या देवळाच्या पालखीशी नाते जोडायचे आहे, त्यांना यात काही गमावल्यासारखे वाटत नाही आणि त्यांच्यासाठी हे घर सार्थकी लागते. ज्यांना नवनवे प्रदेश पाहायचे आहेत, त्यांनी मात्र घर घेऊ नये. दिवेआगर किंवा तारकर्लीच्या एखाद्या वाडीत वर्षातून चार वेळा पाहुणे म्हणून राहणे त्यांना स्वस्त पडते आणि त्या घरांनाही हवे असते.

सखल जागेमुळे मुसळधार पावसात पाणी साचणे हिंदमात्याच्या रहिवाशांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे; ते उतरवण्यासाठी महापालिकेला अलीकडे मैदानांखाली भूमिगत टाक्या बांधाव्या लागल्या. तळमजल्यावरची ओल, फुगलेली दारे, भिंतींचे पोपडे यांवरून इमारतीची पारख करणारी नजर या परिसरात घरोघरी आहे. समुद्रकाठी घर घेऊ पाहणाऱ्या दांपत्यांनी तीच नजर घेऊन, बांधकाम व्यावसायिकाच्या डिसेंबरातल्या भेटीवर विसंबून न राहता, ती सदनिका जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस चालू असताना, एक रात्र मुक्काम करून पाहावी; खाली राहणाऱ्या राखणदाराशी तासभर बोलावे आणि त्यानंतरच इसार द्यावा.